कापून टाकलेले आवाज

कुणी मिटक्या मारत जेवलं की तिला पहिल्यापासून किळस यायची, आणि नशिबी नेमकं तेच काम आलं. समुद्रात खोल सोडलेल्या माइकमधून किलर व्हेलचे आवाज थेट धक्क्यावरच्या खोलीत यायचे. हेडफोन लावून ते ऐकायचे आणि कुठला आवाज कशाचा ते लिहायचं, एवढंच तिचं काम. शिट्ट्या, टकटक, आणि मग शिकार. कातडं टरकायचं, चरबी सुटायची, कानाला तोंड लावून कुणी चघळतंय असं वाटायचं. दुपारचा डबा ती तसाच घरी न्यायची.

नवरा पाणबुड्या. रोज अकराला बोटीवरून उतरून तो माइकवर साचलेला बुळबुळीत थर खरवडायचा.

"तू घाण ऐकतेस, मी घाण काढतो. जोडा अगदी शोभतो," असं म्हणून हसायचा.

एकदा तिची चूक झाली होती. प्रत्येक शिकारीआधी सीलचं पिल्लू रडायचं. महिनाभर तिने 'पिल्लू' असंच लिहिलं. मग लक्षात आलं, तिथे पिल्लू नव्हतंच. व्हेलच तसे रडायचे. ते ऐकून सीलची मादी धावत यायची आणि चघळणं सुरू व्हायचं. तेव्हा दोन दिवस तिला अन्न गेलं नव्हतं.

दुसरी चूक आज सापडली. माणसांचे आवाज बोटीवरचेच असणार, म्हणून ते नीट न ऐकताच कापायचे, अशी तिथली पद्धत. आज कापलेल्या तुकड्यांची यादी भलतीच लांब दिसली. तिने एक तुकडा लावून पाहिला.

"अहो, या ना."

आवाज तिचाच होता. बोटीवर तिने कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

पुढच्या तुकड्यात तेच, जरा लाडात. शब्दांमागे लाळ सुटल्यासारखं काहीतरी चिकट हलत होतं. तिला शिसारी आली. घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.

तिने बोटवाल्याला फोन लावला.

"त्यांना पाण्यात उतरू देऊ नका!"

"उतरले की, ताई. हवेची टाकीसुद्धा न घेता." बोटवाला चाचरला. "म्हणाले, ती बोलावतेय. तुम्ही आहात तरी कुठे?"

तिने हेडफोन कानांवर दाबले.

काहीतरी टरकलं.

मग मिटक्या. बराच वेळ.

कचऱ्याची बादली ओढून ती भडाभडा ओकली. हेडफोन मात्र काढले नाहीत.

शेवटी सगळं शांत झालं. तोंडात घास धरून बोलावं तसा नवऱ्याचा आवाज आला.

"अगं, ये ना. पाणी गार नाहीये."

तिची मळमळ एकदम थांबली. तिने खोलीबाहेर चपला काढल्या आणि धक्क्याची पहिली पायरी उतरली.