सत्तावीस-चौदाला शेवटची हाक

मार्चमधला तो शनिवार चिखलाचाच होता. वितळत्या बर्फाचा राडा बुटांना लावून माणसं मैदानावरच्या शेडमध्ये शिरत होती आणि मी टेबलामागे कॉफी पीत बसले होते. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या डोंगराळ भागात जुन्या रेडिओंचा बाजार वर्षातून एकदाच भरतो. बंबवाले, पोलीस, रेल्वेवाले एकमेकांशी काय बोलतात ते घरबसल्या स्कॅनरवर ऐकणारे आम्ही सगळे छांदिष्ट तिथे जमतो. त्यात पंचविशीतली मुलगी मी एकटी. बाकी सगळे टकले.

म्हणूनच तो आल्या आल्या नजरेत भरला. डोक्यावर केस होते – भरपूर – आणि त्यांतून पाणी गळत होतं. त्याने एक स्कॅनर माझ्यासमोर ठेवला.

"समोरच्या वास्को आजोबांकडून घेतला. माहितीपुस्तक हरवलंय. ते म्हणाले, टेसाकडे जा, ती दगडालाही बोलतं करते."

"दगड सोपे असतात. हे मॉडेल मी जन्मात पाहिलेलं नाही."

"मग आपण दोघं अडाणी. चांगलं जमेल."

त्याचं नाव एमेट लिंडग्रेन. आडनाव ऐकून माझं हसू मावळलं. डेल लिंडग्रेन एकतीस वर्षं आमच्या अग्निशमन दलात होते, आणि त्याच दुपारी दोन वाजता नदीपलीकडच्या टेकडीवर त्यांचं दफन होतं. फायरमन गेला की आमच्याकडे नियंत्रण कक्षातून त्याच्या नंबराला रेडिओवर तीनदा हाक मारतात. उत्तर येत नाही. मग निरोपाचे चार शब्द बोलून तो नंबर कायमचा मिटवतात. ती हाक एकदाच होते. एमेटला ती ऐकायची होती, आणि त्याच्या जुन्या स्कॅनरला आमच्या जिल्ह्याची नवी डिजिटल यंत्रणा पकडता येत नव्हती, म्हणून त्याने हा घेतला होता.

"पण मग तू तिथे का नाहीस?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तिथे त्यांची बायको आहे, दोन मुली आहेत. मी त्यांच्या पहिल्या लग्नातला मुलगा. बारा वर्षांत मला कुणी पाहिलेलं नाही. बाबांच्या थडग्यापाशी उभं राहून 'हा कोण?' असं ऐकायचं नाहीये मला. मला... हाक तेवढी ऐकायची आहे."

मी खुर्ची सरकवून त्याला शेजारी बसायला जागा केली.

स्कॅनर बनवणारी प्रत्येक कंपनी आपलंच डोकं चालवते. इथे ज्याला बँक म्हणतात त्याला तिथे यादी म्हणतात, आणि 'ठेव' म्हणून दाबलेलं बटण सगळं पुसून टाकतं. तसं ते दोनदा पुसलं गेलं. तो आकडे वाचायचा, मी बटणं दाबायची. पडदा एवढासा, त्यामुळे डोकी जवळ आणावीच लागत होती. आणावी लागत होती, असं मी स्वतःला सांगत होते. त्याच्या कोटाला ओल्या लोकरीचा वास होता.

बोलता बोलता कळलं, तो आठ वर्षांचा असताना वडिलांनीच त्याला पहिला स्कॅनर दिला होता. बंब बाहेर पडला की हा जागा राहून ऐकायचा. आग विझवून परतताना वडील काही न बोलता माइकचं बटण दोनदा दाबायचे. टक् टक्. 'पोचलं' हे सांगायला आम्ही रेडिओवाले सगळेच तसं करतो, पण त्या घरात त्याचा अर्थ होता – मी ठीक आहे, झोप आता.

"मग झोपायचास?"

"लगेच. आता मात्र झोप येत नाही."

मी पुढचा आकडा टाकला. सगळी चॅनेल छान बोलायला लागली. एक तेवढं जुन्या पेजरचं चॅनेल सतत भुणभुणत होतं आणि स्कॅनर दर वेळी तिथेच अडकत होता. असलं चॅनेल वगळायचं, हा आमच्या हातचा मळ. माझ्या घरच्या स्कॅनरवर मी ते तीन वर्षांपूर्वीच वगळलं होतं.

"वगळू?"

"वगळ की."

मी बटण दाबलं.

दोनला दहा मिनिटं असताना आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो होतो. मध्ये स्कॅनर, मांडीवर चर्चच्या बायकांनी कांद्यावर परतलेल्या पिरोगींचा, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्यांचा, डबा. पलीकडच्या टेकडीवर काळे कोट ओळीने उभे दिसत होते. दोन वाजले. सगळ्यांच्या टोप्या उतरल्या, माना खाली गेल्या. आम्ही श्वास रोखून बसलो... आणि आमच्या स्कॅनरवर रस्त्यांवरच्या बर्फावर मीठ फवारणारा एक ट्रकवाला पुढच्या फेरीबद्दल विचारत होता. मग एक रुग्णवाहिका. मग काहीच नाही.

टेकडीवर टोप्या परत डोक्यावर गेल्या.

"झालं वाटतं," एमेट म्हणाला. आवाज अगदी साधा होता, म्हणून जास्त लागला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हाताऱ्या फायरमनांच्या कमरेचे पेजर अजून जुन्याच चॅनेलवर वाजतात. हाक त्यांच्यासाठी तिथूनच दिली जाते. हे मला ठाऊक होतं. आणि ते चॅनेल मी माझ्या अंगठ्याने वगळलं होतं. मी त्याला ते सांगितलं, रडत सांगितलं. तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त डब्याचं झाकण लावलं.

मी शेडकडे पळत सुटले. वास्को आजोबा ऐकलेलं सगळं पेन्सिलीने वहीत उतरवतात आणि डिजिटलवर त्यांचा विश्वास नाही. त्यांच्या टेबलावर जुना रेडिओ भुणभुणत होता.

"तुम्ही हे ऐकत कसे बसता?" मी धापा टाकत विचारलं.

"चाळीस वर्षं संसार केलाय, पोरी," असं म्हणून त्यांनी वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पान फाडून दिलं. त्यांनी वहीचं पान फाडलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

एमेट अजून बाकावरच होता. पान त्याने हातात घेतलं नाही. "तू वाच," म्हणाला. "हाक मारल्यासारखं वाच."

मी उभी राहिले. "सत्तावीस-चौदा," मी म्हणाले. थांबले. "सत्तावीस-चौदा." नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते. तिसऱ्या वेळी माझा आवाज फुटला. "सत्तावीस-चौदा... उत्तर नाही. फायरमन डेल लिंडग्रेन, एकतीस वर्षांची सेवा संपली. निवांत राहा. इथून पुढे आम्ही आहोत."

एमेटने स्कॅनरवर नखाने दोनदा टकटक केलं. मग तो रडला, आणि मी त्याचा हात धरून बसले.

तो मॉन्टानात रेल्वेच्या सिग्नलवर काम करतो. सोमवारी त्याला हजर व्हायचं होतं. "या गावात मी परत येणार नाही, टेसा," गाडीपाशी तो म्हणाला. "तुझ्याशी खोटं बोलवत नाही." मी मान हलवली. अंथरुणाला खिळलेल्या आईला सोडून मला तरी कुठे जाता येणार होतं?

आम्हा दोघांच्याही खिशात परवान्याचे छोटे रेडिओ होते, बोलता येणारे. गाडी निघाल्यावर माझा खरखरला.

"चर्च गेलं," तो सांगत होता. थोड्या वेळाने, "पूल ओलांडला." मग, "टेसा, तू चुकली नसतीस ना... तर मी दोनलाच निघून गेलो असतो. बरं झालं चुकलीस."

"खोटं बोलवत नाही म्हणालास ना?"

"म्हणूनच सांगतोय."

आवाज तुटायला लागला. आमच्या डोंगरांत या रेडिओंची धाव पाच-सहा मैल, फार तर सात. मी बटण दाबलं. "एमेट, एका दिवसात कुणी इतकं आवडू नये. पण तू आवडलास. परत ये म्हणत नाही मी. फक्त... तुला माहीत असावं."

नुसती खरखर. मी मोजत राहिले – एक, दोन, तीन...

टक् टक्.

त्यानंतर पुन्हा खरखर. बंद करायचं बटण अंगठ्याखालीच होतं. बॅटरी संपेपर्यंत मी ते दाबलं नाही.