इराची फुली

रिकामी बाटली मशीनच्या तोंडात ढकलायची, ती गडगडत आत गेली की दुसरी उचलायची, आणि मधल्या वेळात मावशीशी भांडायचं... शनिवारी सकाळी कोलोनच्या एका सुपरमार्केटात इरा ही तिन्ही कामं एकदम करत होती. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला. बाटल्या परत करून फांडचे, म्हणजे बाटलीमागे ठेवलेल्या अनामतीचे, पैसे सोडवायला मागे पाच-सहा जण उभे होते. पण मराठीत कितीही ओरडलं तरी इथे कुणाला काय कळतंय, असा तिचा हिशेब होता.

"मावशी, तो देश विकणार नाहीये! रेल्वे आणि पाणी सरकारच्या ताब्यात परत घेणार म्हणतोय. त्याला विकणं म्हणतात का?"

पलीकडे इंग्लंडातल्या लेस्टरहून मालिनीमावशी कडाडली, "तू जर्मनीत बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस! इथे राहायचंय आम्हाला. तो हॅडली निवडून आला ना, की..."

"की काय?"

फोन बंद. शेवटचा शब्द आपलाच असावा, हा मावशीचा जुना कायदा होता.

"मावशींचं बरोबर आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

चक्क मराठीत! इराच्या हातातली बाटली सुटली आणि फरशीवर घरंगळत गेली. एका उंच मुलाने वाकून ती उचलली. त्याचं जॅकेट पावसाने भिजलं होतं, खांद्याला बाटल्यांची खणखणती पिशवी होती, आणि डोळ्यांत असा काही मिश्कीलपणा होता की रागवावं तरी पंचाईत.

"तुम्ही चोरून ऐकत होता?"

"चोरून कशाला? अख्खी रांग ऐकत होती. फक्त कळत मला एकट्याला होतं."

"आणि तुम्हाला हॅडली आवडत नाही?"

"माणूस म्हणून आवडतो. म्हणूनच मत देणार नाही."

हे काय उत्तर झालं? इराला विचित्र सवय होती. एखादी गोष्ट कळली नाही की ती तिच्या घशात माशाच्या काट्यासारखी रुतून बसायची. तिने बाटल्यांची पावती खिशात कोंबली आणि त्याच्या बाटल्या संपेपर्यंत दारात थांबून राहिली.

त्याचं नाव राजस. चिंचवडचा. सहा वर्षांपूर्वी इंजिनं बनवणाऱ्या एका कंपनीत डर्बीला गेला होता आणि आता चार महिन्यांच्या कामासाठी इथे आला होता. पासपोर्ट भारतीयच, पण इंग्लंडात घर करून राहणाऱ्या भारतीयालाही तिथे मत देता येतं, आणि ते तो न चुकता देत असे. इराचं उलटं. आई सुनेत्राचं बोट धरून ती नवव्या वर्षी लेस्टरला गेली, तिथेच ब्रिटिश झाली, आणि आता पाच वर्षं कोलोनमध्ये सिनेमांच्या संवादपट्ट्या लिहीत होती. आई निवृत्त होऊन नाशिकला परतली होती. लेस्टरमध्ये उरली होती मावशी, आणि मावशीच्या पत्त्यावर नोंदलेलं इराचं मत.

निवडणूक पाच आठवड्यांवर आली होती. डाव्या पक्षाचा पुढारी टॉम हॅडली हा एके काळचा बस ड्रायव्हर. अर्धा देश त्याला देवमाणूस म्हणत होता आणि अर्धा त्याच्या नावाने बोटं मोडत होता.

"आल्झो... तर मग," दारातच इरा म्हणाली, "माणूस आवडतो म्हणून मत नाही, हे जरा समजावून सांगा."

"इथे? पावसात?"

"मग बसू कुठेतरी."

बोलून गेल्यावर तिला स्वतःचंच नवल वाटलं.

कोलोनच्या जुन्या बिअरघरांत एक रीत आहे. ग्लास अरुंद, जेमतेम वीतभर उंचीचे. ते रिकामे झाले की वेटर न विचारता भरलेले आणून ठेवतो. त्याला इथे क्योबेस म्हणतात, आणि पुणेरी दुकानदारालाही त्याच्यापुढे गोड म्हणावं लागेल. नको असेल तर तोंडाने काही बोलायचं नाही, ग्लासखालची पुठ्ठ्याची चकती ग्लासवर ठेवायची. चकती वर, म्हणजे पुरे.

ही रीत इराने पहिल्याच बैठकीत भांडणाला लावली. एकाने प्रश्न विचारायचे, दुसऱ्याने खरं उत्तर द्यायचं. उत्तर नको असेल त्याने ग्लासवर चकती ठेवायची. मग तो प्रश्न बंद. वाद घालायचा नाही, फक्त विचारायचं.

"वाद नाही? आपण मराठी आहोत ना?" राजस म्हणाला.

"प्रयत्न तर करू..."

आणि मग दर शनिवार तिथल्या एका खिडकीपाशी जाऊ लागला. बाहेर लिंडनची झाडं फुललेली, दार उघडलं की ओल्या हवेबरोबर त्यांचा मधाळ वास आत यायचा. दुसऱ्या शनिवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. ते कुणी आधी म्हटलं, यावर दोघांचं पुढेही कधी जमलं नाही.

"तो टीव्हीवर दिसला की तू डोळे का फिरवतोस?" इराने एकदा विचारलं.

राजसचा हात चकतीकडे गेला. इरा श्वास रोखून बघत राहिली. हात परत आला.

"माझे बाबा, दत्तात्रय, चिंचवडला एका कारखान्यात फिटर होते. युनियनचा पुढारी असाच होता. साधा, खरा, कामगारांच्या डब्यातलं खाणारा. त्याने संप पुकारला. अकरा महिने! तो खोटा असता ना, तर बाबा आठव्या दिवशी कामावर गेले असते. तो खरा होता म्हणून सगळे थांबले. कारखाना गुजरातला गेला. बाबा अजून त्याला नावं ठेवत नाहीत." तो ग्लासकडे बघत होता. "ज्या पुढाऱ्यावर लोक प्रेम करतात, त्याची मला भीती वाटते. बास."

इतके दिवस इराला वाटत होतं की हॅडलीला विरोध करणारे एक तर मतलबी असतात, नाहीतर मावशी असते.

"आता माझी पाळी," राजस म्हणाला. "तुला तो इतका का आवडतो?"

"आई वृद्धाश्रमात काम करायची. मी पंधरा वर्षांची होते. तो आश्रम बंद करणार होते, म्हणून आई आणि बाकीच्या बायका दर गुरुवारी फाटकाबाहेर उभ्या राहायच्या. हॅडली तेव्हा कुणीच नव्हता. ड्युटी संपली की यायचा. ना कॅमेरा, ना भाषण. थर्मासमधून चहा ओतून द्यायचा. आश्रम बंदच झाला शेवटी... पण बंद झाल्यावरच्या गुरुवारीही तो आला, आता काय करणार आहात म्हणून विचारायला."

राजसने तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि इराने उगाचच केस कानामागे सारले. वेटर आला, न विचारता दोन ग्लास ठेवून गेला.

अडचण होती ती मताची. इराला लेस्टरला जायला सुट्टी नव्हती. पोस्टाने मत पाठवावं, तर ऑफिसातल्या एका ब्रिटिश बाईचं पाकीट मागच्या वेळी निकालानंतर पोचलं होतं. तिसरी वाट म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याला मत द्यायला पाठवणं. तिथे तशी सोय आहे. तुम्ही नाव कळवायचं, तो माणूस केंद्रावर जातो आणि मतपत्रिकेवर तुमच्या वाटची फुली मारून येतो.

"मग मावशी आहेत की," राजस म्हणाला.

"मागच्या निवडणुकीत तिलाच नेमलं होतं. वर्षभराने दिवाळीच्या फराळाला बसल्यावर म्हणाली, 'तुझं मत मी माझ्याच पक्षाला दिलं हं, तुझ्या भल्यासाठी.' आणि चकली पुढे केली!"

राजस हसता हसता थांबला. इराच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ती माझ्यावर जीव टाकते, रे. तरीही... तिने ते केलं. पकडता येत नाही ना! आत कोण बघतंय?"

बाहेर सर येऊन गेली. राजसने चकती बोटांत फिरवली.

"शुक्रवारी डर्बीत माझी मीटिंग आहे. गुरुवारी सकाळच्या विमानाने जातोय, मत द्यायलाच. डर्बी ते लेस्टर गाडीने अर्धा तास. मी देऊ तुझं?"

"तू? हॅडलीला?"

"तू सांगशील त्याला. मला आवडणार नाही. पण देईन."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. इराने दोन दिवस फुंकलं. नाशिकला आईला फोन केला, तर आई म्हणाली, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतेस होय?" आणि लगेच, "मुलगा कसा आहे पण?" अर्जाची मुदत संपायला तास उरला तेव्हा इराने राजसचं नाव भरलं. कारण विचारलं असतं तर तिला खरंच सांगता आलं नसतं. भरवसा होता म्हणावं, तर तो अजून अर्धाच होता. कुणी बघत नसताना हा माणूस कसा वागतो, हे तिला जाणून घ्यायचं होतं, आणि ते जाणून घ्यायला दुसरा रस्ता नव्हता. उत्तर वाईट निघालं तर आपल्याला फार लागेल, हेही तिला ठाऊक होतं. पक्षापेक्षा, हॅडलीपेक्षा जास्त.

अडीनडीला असावा म्हणून इराने त्याला मावशीचा नंबर दिला होता. गुरुवारी सकाळी त्याचा मेसेज आला. विमान लेट. मग दुपारी एक, अजून इथेच. संध्याकाळी, उतरलो. त्यानंतर काहीच नाही. शेवटी रात्री, तिकडे मतदान संपायला पाव तास उरला असताना, दोन शब्द आले, 'काम झालं.' कुठलं काम? कसं झालं? इराने तीन वेळा प्रश्न लिहिला आणि तीन वेळा पुसला.

सकाळी निकाल लागला होता. हॅडली हरला. इराने चहा केला आणि प्यायला विसरली. तेवढ्यात मावशीचा फोन. आता ही पेढे वाटणार, या तयारीने तिने उचलला.

"इरा, तो मुलगा कोण गं?" मावशीचा आवाज भलताच मऊ होता.

"का? काय केलं त्याने?"

"काल संध्याकाळी बर्मिंगहॅमच्या स्टेशनावरून फोन आला त्याचा. मतदानाची शाळा कुठे म्हणून. विमानाला इतका उशीर झालेला की डर्बी आणि लेस्टर दोन्ही होणं शक्य नव्हतं. एकच गाडी पकडता येणार. त्याचंही मत हॅडलीच्या विरोधातच, हे बोलता बोलता कळलं. मी म्हटलं, अरे, मग डर्बीलाच जा की! तू तर आपल्या बाजूचा. तुझं दे, हिचं राहिलं तर राहिलं."

इरा खुर्चीवर टेकली. "मग?"

"मग काय... म्हणाला, 'मावशी, माझं मत माझं आहे. ते मी बुडवलं तर चालेल. हे दुसऱ्याचं आहे.' धावत आला गं शाळेपाशी. मी छत्री घेऊन फाटकात उभी. बाहेर आल्यावर मी विचारलं, कुणाला दिलंस? तर म्हणतो, 'ते इराला विचारा.'"

मावशी थांबली. मावशीचं थांबणं इराने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"मागच्या वेळी चुकलंच माझं, बाळा. काल त्याला पोहे खायला घातले, पण मलाच घास उतरेना."

रविवारी संध्याकाळी राजस परतला. खिडकीपाशी तीच जागा, दोन ग्लास, आणि त्याच्या खांद्याला अजून प्रवासाची बॅग.

"वाईट वाटलं," तो म्हणाला. "खरंच. तू हरलीस म्हणून."

"तू तर जिंकलास."

"माझ्याशिवाय जिंकले ते."

"तुझं मत का सोडलंस?"

राजसने झटकन ग्लासवर चकती ठेवली. इराने हात पुढे केला आणि ती सरळ उचलून बाजूला टाकली.

"ए, नियम मोडतेस!"

"हो. गेनाऊ, अगदी बरोबर. मोडतेय. सांग."

तो खिडकीबाहेर बघू लागला. कान लाल झाले होते. "स्टेशनावर उभा होतो. समोर दोन फलाट. वाटलं, आयुष्यभर या हॅडलीसारख्यांना घाबरलो, आणि आता त्याच्यासाठी पळायचं? मग लक्षात आलं... मी त्याच्यासाठी पळतच नव्हतो." तो वळला. "तू मला आवडतेस, इरा. त्या बाटल्यांपासून. सप्टेंबरात मला डर्बीला परत जावं लागेल, म्हणून बोलत नव्हतो. आता म्हटलं, राहिलं तर राहूनच जाईल."

इराचं मन भरून आलं. मग तिला हसू फुटलं.

"आता तू विचार," राजस म्हणाला. "पहिल्या दिवसापासून तुला सगळं विचारायचं असतं. विचार ना, फुली कुणासमोर मारली?"

इराने आपली चकती उचलली आणि हळूच आपल्याच ग्लासवर ठेवली.

"नाही विचारणार."

"का?"

"कारण ते मला माहीत आहे."

त्याने टेबलावरचा तिचा हात धरला. बोटं गार होती, तळवा गरम.

तेवढ्यात क्योबेस आला. इराच्या ग्लासवरची चकती बघून त्याने बिल काढायला पेन्सिल उचलली.

"नाइन, नाइन! नाही, नाही!" इराने घाईघाईने चकती काढली. "अजून दोन. सप्टेंबराबद्दल बोलायचंय आम्हाला."

ती हे मराठीत बोलली होती. त्याने खांदे उडवले आणि दोन भरलेले ग्लास ठेवून गेला.