बंद टाकीचं झाकण

ही गोष्ट रंगवून सांगायची मला अजिबात हौस नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय, आणि मी खाली उभी होते. पटलं तर वाचा.

रविवार होता. भर दुपार. असलं काही रात्रीच होतं, असं मलाही तोवर वाटायचं...

आमच्या छोट्या गावात बसस्टँडच्या मागे पाण्याची जुनी टाकी होती. उंच लोखंडी पायांवर उभी, गंजून लाल झालेली. मला कळायला लागल्यापासून ती बंदच.

का बंद, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

एकेकाळी अख्खं गाव तिचंच पाणी प्यायचं. एका उन्हाळ्यात पाणीवाला ती आतून घासायला उतरला. खाली पंपावर बसलेल्याला वाटलं, काम आटोपलं. त्यानं पाणी सोडलं. वरचं झाकण कुणी लावलं, ते कधीच कळलं नाही.

टाकी रिकामी करून बघितली...

आत कुणीच नव्हतं.

मग काय, गावाला विषयच मिळाला. "बाहेर पडून पळाला असेल." "दुसरीकडे संसार थाटला असेल." त्याच्या बायकोनं ते सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं. कोपऱ्यावरच्या घरात ती एकटीच म्हातारी झाली. आम्ही तिला काकू म्हणतो.

त्या टाकीचं पाणी मात्र पुन्हा कुणाच्या घशाखाली उतरेना. गावानं दुसरी बांधली. ही तशीच उभी राहिली.

माझा दादा लोखंड कापायची कामं घेतो. टाकी पाडायचं काम त्याला मिळालं. सोमवारपासून माणसं कामाला लागणार होती, म्हणून आदल्या दिवशी तो एकटाच बघायला निघाला. मी डबा घेऊन मागोमाग गेले.

"दादा, आत उतरू नकोस हं. लोक काय काय बोलतात."

"भूत असेल तर कामाला लावतो," तो हसला. "हल्ली माणसं तरी कुठं मिळतात!"

तो शिडीनं वर गेला. गंजानं पत्रा किती खाल्लाय ते बघायला त्यानं हातोडी मारली.

ठण्ण.

मग थोडा वेळ शांत...

ठण्ण.

ही दुसरी त्यानं मारली नव्हती. हातोडी त्याच्या खांद्यावर होती, मला खालून दिसत होती.

"पाखरं असतील गं!" तो वरून ओरडला. पण आवाज जरा उतरला होता. त्यानं झाकण उघडलं आणि बॅटरी घेऊन आत उतरला.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

आणि मग मला ऐकू आलं...

पाणी.

टाकी भरताना होतो ना, तसा आवाज. आधी खळखळ, मग हळूहळू जड होत गेलेला. तिचे पाइप तर कधीच कापून नेले होते.

"दादा!"



मी शिडीला हात घालणार तोच तो बाहेर आला. धाडकन झाकण आपटलं, कडी घातली आणि अक्षरशः घसरत खाली आला. कपडे कोरडे ठणठणीत. पण नाकातोंडात पाणी गेल्यासारखा खोकत होता. खोकला थांबेचना.

"आत कुणीतरी आहे," एवढंच म्हणाला.

"कोण?"

"दिसलं नाही. नुसतं बोलला... अगदी कानाशी. 'पाणी सोडू नका. मी अजून आत आहे.'"

मला वाटलं, आता घरी जाऊ आणि गप्प बसू. पण दादा उठला तो थेट काकूंच्या दारात. "तो पळाला नाही," वाटेत तो पुटपुटत होता. "तिला कळायला नको का?"

काकूंनी सगळं ऐकलं. रडल्या नाहीत. फक्त एकच विचारलं.

"अरे, झाकण उघडं ठेवून आलास ना?"

दादाची मान खाली गेली.

काकूंचा चेहरा बघवेना. आहे त्या लुगड्यावर त्या बाहेर पडल्या. आम्ही मागे. उन्हं कलली होती. टाकीखाली पोचलो आणि तिघांनीही वर बघितलं.

झाकण सताड उघडं होतं.

कडी आतून उघडता येत नाही. दादानं ती घातलेली मी बघितली होती.

दादानं माझा हात घट्ट धरला. काकू मात्र आता वर बघत नव्हत्या. शिडीच्या पायथ्याशी बघत होत्या. तिथं काहीच नव्हतं.

"अहो, चला," त्या हळूच म्हणाल्या. "घरी चला."

आम्हा दोघांना त्या कायम अरे-अगं करतात.

त्या निघाल्या. एरवी वाटेच्या मधोमध चालणारी बाई, एका कडेनं चालत होती. खड्ड्यापाशी थांबली. "जपून," म्हणाली. मग पुढे गेली.

दादानं ते काम सोडलं. दुसऱ्यांनी टाकी पाडली. आत गंजाशिवाय काही सापडलं नाही म्हणे. तिथं आता मोकळी जागा आहे.

काकू परवा रस्त्यात भेटल्या. इतकं तरतरीत मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं.

"अगं, त्या दिवसापासून आलीच नाहीस," म्हणाल्या. "ये ना एकदा. ह्यांनाही भेटशील."

मी "येते" म्हणाले...

अजून गेलेले नाही.