काठी नसलेली झोळी

धाकटा भाऊ स्टुलावर चढून छताच्या हुकात झोळीची दोरी अडकवत होता, आणि खाली त्याची बायको तान्ह्याला खांद्यावर घेऊन उभी होती... अगदी थोरल्या मुलीच्या वेळी होती तशी!

ताईच्या शिलाई मशीनचं पायडल थांबलं. तीच निळ्या पट्ट्यांची चादर, तीच दोरी. आणि तोच भाऊ, बहिणीकडे पाठ करून.

जमेल तितक्या शांतपणे ती म्हणाली की झोळी नको, बाळाला सपाट गादीवर उताणं झोपवा. भावजयीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिच्या माहेरची सगळी मुलं म्हणे झोळीतच वाढली होती, आणि एकालाही काही झालं नव्हतं.

"झोळीचा काय दोष, वन्सं? लक्ष ठेवणाराच धड नसेल तर कुणी काय करायचं?" बाळाच्या पाठीवर थोपटत ती पुढे म्हणाली, "फक्त तुम्ही हात लावायचा नाही. एवढं पाळा."

ताईच्या अंतःकरणात आगडोंब उसळला. त्या रागाचा नेम मात्र भावजयीवर नव्हता.

हात लावायचा नाही, हे ती चार वर्षं पाळतच होती. घरातल्या सगळ्यांचे कपडे तिने शिवले, थोरल्या पुतणीच्या फ्रॉकला हौसेने झालर लावली, पण त्या पोरीची वेणी घालायची तिला मुभा नव्हती... कारण ती पोर तान्ही असताना झोळीत निळी पडली, तेव्हा घरात एकटी ताई होती! भावजय बाहेर गेलेली, भाऊ नुकताच कामावर निघालेला. ताई मशीनवरून उठून बघते तो झोळीच्या दोन्ही कडा मिटलेल्या, आणि आत पोरीची हनुवटी छातीवर दुमडलेली. पोर वाचली, हे सगळ्यांचं नशीब. इस्पितळात न्यायचे कपडे घ्यायला ताई घरी आली, तेव्हा झोळीचं तोंड उघडं ठेवणारी आडवी काठी तिला गॅलरीत दिसली. खालच्या छज्ज्यावर पडलेल्या शर्टासाठी सकाळी भावानेच घर डोक्यावर घेतलं होतं. काठीने शर्ट ओढला, अंगात घातला आणि स्वारी तशीच गेली. शहाणा!

तिकडे भावजय आक्रोश करत होती की ज्याच्या हातून हे झालं त्याचं तोंड जन्मात बघणार नाही. भावाचा चेहरा पांढराफटक. त्याचा संसार मोडू नये म्हणून ताईने काठी गुपचूप जागेवर बसवली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, माझंच लक्ष नव्हतं. केवढा तो त्याग! मनातल्या मनात तिला त्याचा केवढा अभिमान वाटला होता... आणि आज त्या त्यागाचं फळ छताला लोंबत होतं. तिने दोष अंगावर घेतला आणि झोळी निर्दोष सुटली!

ती मशीनवरची कात्री घेऊन उठली. भावजयीने बाळाला छातीशी कवटाळलं. ताईने ती रिकामी झोळी मधोमध, वरपासून खालपर्यंत कापून काढली.

"ताई, डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंच आहे. काठी कुणी काढली होती, तू सांगतोस की मी सांगू?"

स्टुलावरच्या माणसाला वर बघता येईना, की खाली बघता येईना. "मी," तो अखेर म्हणाला. "शर्टासाठी काढली होती. ताई तेव्हा आत शिवत होती. तिला माहीतच नव्हतं."

भावजय त्याच्याकडे बघत राहिली, मग ताईकडे... आणि तिच्या डोळ्यांत दोघांसाठी सारखाच जाळ होता.

"मी तुम्हाला इतकी वर्षं पाण्यात पाहिलं, वन्सं. आणि तुम्ही पाहू दिलंत."

"चुकलंच माझं," ताई म्हणाली. "पण आता काठीवर नीट लक्ष ठेवू म्हणून दुसरी झोळी बांधू नकोस. काठी असली तरी बाळाची मान दुमडते. आणि काठी काढणारा काही वाईटच असतो असं नाही. बघ ना, तुझा नवराच होता."

भावजय पुढे आली, बाळ ताईच्या हातांवर ठेवलं, "धरा" म्हणाली, आणि जमिनीवर गादी घालू लागली. गादीवरची सुरकुती ती गरजेपेक्षा जास्त वेळ काढत बसली.

"थोरली शाळेतून आली की वेणी तुम्ही घाला," ती मान वर न करता म्हणाली.

ताईने बाळाला उताणं ठेवलं. त्याने एक भलीमोठी जांभई दिली, जणू या सगळ्याशी त्याचा काही संबंधच नव्हता. भाऊ अजून स्टुलावरच होता, तोंडावर हात घेऊन.

"रडायचं नंतर," ताई म्हणाली. "आधी तो हूक काढ."

पाण्याने भरलेल्या डोळ्यांना हूक धड दिसत नव्हता, पक्कड निसटत होती, स्टूल डुगडुगत होतं. ताईचा राग उतरला नव्हता, इतक्यात उतरणारही नव्हता... पण स्टूल तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.