चौथा डोळा

गणपतीचा हंगाम सरला होता. रंगकाम मिळतंय का बघायला सुचिता तुर्भ्याच्या एका शेडमध्ये डोकावली, तर समोर माणसाहून उंच, खांद्यांसकट दोन दाढीवाली मुंडकी.

"हे कुठले देव?"

"देव नाय, राजे. चीनच्या पुराणातले." शिडीवरून मूर्तिकार धम्मपाल उतरला. केसांत फायबरची भुकटी, हसू मात्र लख्ख. "आधी आपसांत लढले, मग एक झाले. तिकडं नदीकाठी साडेतीनशे फुटांचे आहेत. हे पार्कसाठी... त्यांचे धाकटे भाऊ."

"आनि डोळे?"

"आखणारं कोणी भेटंना. तुम्ही आखता?"

तिच्या गावात, सारसोळ्यात, शंभरेक गणपतींचे डोळे दरवर्षी तीच आखायची. डोळे सगळ्यात शेवटी. ते झाले की मूर्ती निघाली. काम मिळालं. धम्मपालबरोबर दाढ्या रंगवण्यात महिना गेला. चार डोळे म्हणजे एका दुपारचं काम, पण सुचिताने चार दिवस मागितले. का, ते शेडमधल्या मांजरालाही कळलं असतं.

"हे एकमेकांकडं कधी बघतच नाय?"

"खांद्याला खांदा लावून उभे. मान वळणार कशी?" धम्मपाल अडखळला. "आपलं तसं नको... येशील माझ्या घरी?"

"चौथा डोळा होऊ तर दे, मग सांगते—"

उत्तर तिच्याजवळ कधीचंच तयार होतं.

तिसऱ्या संध्याकाळी तिच्या भावाने, मिथुनने, दार लावून घेतलं. "त्याची जात म्हाईत हाय ना? उद्या काम संपव. नायतर त्याचे हात राहनार नाय." मिथुन बोलला की करतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मग?" चौथ्या दिवशी धम्मपालने विचारलं.

"नाय. माझ्या मनात तसलं काय नाय." तिने त्याच्या हातांकडे एकदाच पाहिलं. मग शिडी चढून शेवटचं बुबुळ आखलं, जरासं कडेला, शेजारच्या राजाकडे. तेवढंच खरं तिला बोलता आलं.

महिन्याभरात तिचं लग्न लावून दिलं.

शिमग्यानंतर नवरा, दिपेश, तिला पार्क दाखवायला घेऊन गेला. तो डोळा कुणीतरी केव्हाच पुसला असेल, असं तिने गृहीत धरलं होतं. तो तसाच होता.

"ही काय आखणी?" दिपेश हसला. "दोघं पन चकणे."

दोघं?

सुचिताने मान वर केली. दुसऱ्या राजाचं बुबुळही सरकवलेलं होतं. आखणीची सवय नसलेल्या हाताचं काम, रेघ थरथरलेली. ते पहिल्याकडे बघत होतं.

म्हणजे धम्मपालचे हात शाबूत होते.

"चुकलेत ना?" दिपेशने विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "बरोबर हायेत. चला."