दम धरा, मिस्त्री

दिवा राहू दे तसाच, बारीक. आणि मध्ये मध्ये हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण ही गोष्ट ज्याच्यावर गुदरली तो माझा मित्र आहे, रोज दुकान उघडतो, तुमच्यातल्या दोघातिघांच्या सायकलींची पंक्चरं त्यानेच काढलीत. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागतं. सगळे म्हणतात पान्या. जिथे जाईल तिथे खिशात पाना.

या पान्याने गेल्या वर्षी आपल्या जुन्या सायकलीला इंजिन बसवलं. लहानसंच, दोन पायांच्या मध्ये मावणारं, वरच्या दांडीवर डब्याएवढी पेट्रोलची टाकी. पायडल मारायचं, क्लच सोडायचा, की फटफट सुरू. त्याला त्या सायकलीचं इतकं कौतुक की बायको म्हणायची, "माझ्याकडे एवढं बघितलं असतंत तर माझा दमा पळाला असता." तिला दमा होता. फार नाही, पण थंडी पडली की छातीत शिट्टी वाजायची. औषधाचा पंप तोंडात धरून दोनदा दाबला की मोकळी.

गेल्या डिसेंबरातला शेवटचा मंगळवार. रात्रीचे दहा वाजायला आले होते. जेवणं झाली, पान्याची धाकटी बहीण चार दिवस राहायला आली होती, तिने अंथरुणं घातली. वहिनीने पंप दाबला तर नुसतीच हवा. संपला होता. तिला काही फार होत नव्हतं, पण रात्र काढायची म्हणजे पंप हवाच. रात्रभर उघडं असणारं औषधाचं दुकान कालव्यापलीकडे, मोठ्या गावात. मोठा पूल दुरुस्तीसाठी बंद, गाड्या लांबून वळसा घालून जायच्या. सायकल मात्र कालव्याच्या काठाने जाऊन मोरीवरच्या अरुंद वाटेने सरळ पलीकडे निघायची. "आलोच," म्हणाला, आणि शीळ घालत गेला.

जाताना इंजिन असं पळालं की विचारू नका. औषध मिळालं. वरच्या खिशात ठेवलं, बटण लावलं. परत निघाला. आणि कालव्याच्या निम्म्या वाटेवर, मोरीपाशी, इंजिन बंद पडलं.

पान्या मनात हसलाच. सबंध गावाची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, त्याला काय! तो म्हणतो, इंजिनाचं घर तिघांचं असतं, पेट्रोल, करंट आणि हवा. तिघांतलं कुणी रुसलं की बंद. कोण रुसलंय तेवढं शोधायचं. टाकीचं झाकण उघडून पाहिलं, पेट्रोल आहे. झाकण लावलं, पायडल मारलं. सुरू! शंभरेक पावलं गेलं, घुसमटल्यासारखं केलं, बंद.

तेवढ्यात बहिणीचा फोन. "दादा, कुठे आहेस? वहिनीला जरा जास्त होतंय."

"आलोच. पाणी दे तिला. बसती कर."

"मघाशी जरा बरं वाटलं होतं. आता परत..."

फोन ठेवला, प्लग काढला, फुंकला, पुसला, बसवला. सुरू होईना. तेव्हा शेजारून कुणीतरी म्हणालं, "झाकण उघडून बघितलंत का, मिस्त्री?"

पान्या दचकला. मोरीच्या कठड्यावर एक म्हातारा बसला होता. कानटोपी, लांब कोट. तोंड नीट दिसेना. पण मिस्त्री म्हणाला, म्हणजे धंद्यातलाच असणार. अशा वेळी रस्त्यात दुसरा कारागीर भेटला की जिवात जीव येतो.

"बघितलं, काका. पेट्रोल आहे."

"परत बघू या. तुम्ही प्लगकडे बघा, टाकी मी धरतो." उठला, आला, झाकण उघडलं, डोकावला, लावलं. त्यावर अंगठा ठेवून उभा राहिला. "मारा पायडल."

सुरू! म्हातारा बाजूने चालत आला, एक हात टाकीवर. थोडं गेलं. घुसमटलं. बंद.

आता तू विचारशील... हो, तूच, मघापासून तोंड उघडतोयस. अरे, ती सायकल आहे! पायडल आहेत! मारत सुटला असता तर अर्ध्या तासात घरी. मीही हेच विचारलं त्याला. तर म्हणाला, "अजिबात सुरू झालं नसतं तर गेलो असतो रे. पण ते दर वेळी सुरू होत होतं." आशा मोठी वाईट. आणि कारागिराची आशा त्याहून वाईट. त्याला वाटतं, घोडं कुठे पेंड खातंय ते आता सापडेल, एवढा एक स्क्रू फिरवला की झालं. जीव घरी टांगणीला लागलेला आणि हात मात्र इंजिनातून निघत नाहीत.

त्याने कार्बोरेटर खोलला. बोटं थंडीने बधिर. एक बारीक स्क्रू गवतात पडला, तो चाचपडत शोधला. रडकुंडीला आला होता. मोबाइलचा उजेड दातात धरलेला, त्यातच फोन वाजला.

"दादा, रुग्णवाहिकेला फोन केलाय, पण पूल बंद, वळसा घालून येतायत. तू कुठे आहेस रे? वहिनीला बोलताच येत नाही!"

मागून वहिनीचा आवाज ऐकू येत होता. आवाज कसला... घरघर. ओढ ओढ ओढायची, आणि आत काही जायचं नाही.

"काका, माझी बायको मरायला टेकली आहे हो," पान्या म्हणाला. एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भरून आले होते.

"दम धरा, मिस्त्री," म्हातारा म्हणाला. "सापडत आलंय."

झाकण उघडलं. लावलं. अंगठा ठेवला.

फोन चालूच होता. बहीण ओरडली, "घेतला! दादा, एक श्वास घेतला तिने!"

इंजिन सुरू झालं.

थोडं गेलं.

घुसमटलं...

फोनवर बहीण गप्प झाली.

"काय झालं? बोल ना!"

"दादा... ओठ निळे पडलेत..."

पान्याने मान वर केली. मोबाइलचा उजेड टाकीवर पडला. झाकणाला वर एक बारीक भोक असतं. टाकीत हवा जायला. हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. हे त्याला पोरवयापासून ठाऊक. इंजिनाची हवा त्याने चारदा तपासली होती. टाकीलाही हवा लागते, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

त्या भोकावर अंगठा होता.

काळा. तेलाने माखलेला. दाबून धरलेला.

"काका... हात काढा."

"दम धरा."

थंडी कडाक्याची होती. पान्याच्या तोंडातून वाफ निघत होती. म्हाताऱ्याचं तोंड अगदी जवळ होतं. उघडं होतं. त्यातून... काहीच निघत नव्हतं.

पान्याची पाचावर धारण बसली. पळून जावं असं वाटलं, पण सायकल त्या हाताखाली. औषध खिशात. आणि ती तिकडे. त्याने डोळे मिटले, दोन्ही हातांनी झाकण पकडलं आणि पिरगळलं. अंगठा हलेना. थंडगार. लोखंडासारखा. पान्या ओरडला, शिव्या दिल्या, रडला, आणि सगळं अंग टाकून ओढलं. झाकण निघालं. पण म्हाताऱ्याच्या अंगठ्याखालीच, त्याच्या हातात राहिलं.

तो सायकलीवर बसला आणि पायडल मारत सुटला. झाकण नाही, पेट्रोल उसळून गुडघ्यांवर सांडतंय, छाती फुटायला आलेली.

मागून आवाज आला. लांबून. आनंदाचा.

"सापडलं, मिस्त्री! दोष सापडला! या, दाखवतो!"

पान्या मला म्हणाला, "शपथेवर सांगतो, एक क्षण पाय थांबले होते माझे." पण मागे वळून पाहिलं नाही त्याने.

घरात शिरला तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसली होती. श्वास चालू होता. तुटका, पण चालू. बहीण म्हणाली, "गेलीच असं वाटलं होतं रे. आणि एकदम असा मोठा श्वास घेतला, जणू कुणी गळ्यावरचा हात काढला." पान्याने पंप तिच्या तोंडाला लावला. एकदा, दोनदा. ती निवांत झाली, आणि मग तो तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला.

रुग्णवाहिका आली, तपासलं, धोका टळला म्हणाले. दिवा मोठा केला तेव्हा पान्याला दिसलं. वहिनीच्या ओठांवर, बरोबर मधोमध, काळ्या तेलाचा अंगठा उठला होता. मोठा. दाबून उमटलेला.

आपलेच हात, असं त्याला वाटलं. पंप देताना लागला असेल. त्याने ओला फडका घेतला आणि पुसायला वाकला.

बहिणीने त्याचा हात धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दादा," ती म्हणाली, "तो तू यायच्या आधीपासून आहे. मी दोनदा पुसला."