चौदशीचा चहा

पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं माझ्या टेबलावर गुलाबपाण्याची बाटली ठेवली. मी लॅबमध्ये नवी. कुणीतरी प्रेमानं काहीतरी आणलंय असं वाटून मी बूच काढलं, वास घेतला... आणि लाजेनं मेलेच.

"वडिलांची, बापूजींची लघवी आहे," तो हळूच म्हणाला. "साखर तपासायची होती."

"मग वरची चिठ्ठी तरी खरवडून आणायची," मी डाफरले.

"पुढच्या वेळी तुमच्यासाठी खरं गुलाबपाणी आणतो."

असा हा अभयकुमार. घर जैन, जळगावात त्यांचं कापडाचं दुकान. मी रावेरकडच्या केळीवाल्या पाटलांची इंदिरा. सन चौऱ्याहत्तर होतं. तेव्हा परीक्षानळीत निळं द्रावण घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरपूर. त्याच्या बापूजींचं दर वेळी निळंच राहायचं.

दर पंधरवड्याला तो यायचा. नळी तापेपर्यंत माझ्याकडे बघायचा, मी बघितलं की दिव्याकडे बघायचा. मागच्या खोलीत मी स्टोव्हवर चहा करायचे. तो दर वेळी "नको" म्हणायचा. चार वेळा नको! आमच्या हातचा चालत नसेल, असं वाटून मी मनातून पार खट्टू झाले.

पाचव्यांदा आला तो चेहरा पाडूनच. बापूजींच्या पायाच्या अंगठ्याची जखम तीन महिने भरत नव्हती.

"धुळ्याचे सर्जन म्हणतात, अंगठा काढावा लागेल. आणखी चढलं तर पाय... साखर नाही, तर जखम चिघळते कशी?"

नळी पुन्हा निळीच निघाली. मला फार वाईट वाटलं.

"निदान घोटभर चहा तरी घ्या."

"आज नाही चालत. चौदस आहे. बापूजींचा उपवास असतो, नुसतं उकळलेलं पाणी. जखम झाल्यापासून मीही धरतो."

"आणि मागच्या वेळी?"

"तेव्हाही चौदसच. त्या दिवशी बापूजी दुकानात जात नाहीत, घरीच असतात, म्हणून बाटली —" तो थांबला.

मी चिमटा खाली ठेवला. "अहो, उपाशी माणसाची साखर तपासत बसलोय आपण. उद्या पारणं झाल्यावर, जेवणानंतरची आणा."

दुसऱ्या दिवशी नळी हिरवी झाली, पिवळी झाली, आणि बघता बघता विटकरी. मी नळी तशीच घेऊन लॅबच्या डॉक्टरांकडे धावले.

डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं. अंगात इन्शुलिन आहे, पण अंग त्याला दाद देत नाही. साखर रक्तातच साचते, मग जखम भरत नाही. धुळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं. बापूजींचं जेवण बदललं, इंजेक्शनं सुरू झाली, आणि डॉक्टरांनी त्यांचे उपवास बंद केले.

"दाद न देणं म्हणजे काय, ते मला आधीच ठाऊक होतं," अभय म्हणाला. "दोन महिने इथं बसतोय."

"चहाला नको कोण म्हणत होतं?" मी म्हटलं, आणि माझेच कान तापले.

नंतर तो दर आठवड्याला यायचा. फक्त चौदशीला नाही, कारण त्याचे उपवास चालूच होते. आणि मग एका चौदशीला तो दारात उभा. हात रिकामे.

"आज चौदस आहे," मी म्हटलं. आता तिथ्या मलाही पाठ होत्या.

"ठाऊक आहे."

"बाटली कुठाय?"

"आणली नाही. अंगठा भरला. काल बापूजी चालत दुकानापर्यंत गेले. माझे उपवास तेवढ्यासाठीच होते." तो खुर्चीत बसला. "आज चहा घ्यायचाय, इंदिराबाई."

"घरी कळलं तर?"

"मीच सांगितलंय. सगळंच... तुमच्याबद्दल."

"मग?"

"दोन दिवस बापूजी माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी म्हणाले, तिनं माझा पाय वाचवला, जा, तिच्या हातचा चहा पिऊन ये."

मी आत गेले. स्टोव्ह पेटवताना तीन काड्या वाया गेल्या. चहात साखर घालायची मी साफ विसरले, आणि त्यानं तो तसाच, शेवटच्या घोटापर्यंत, माझ्याकडे बघत प्यायला.